कागदी कप जातात कुठे?

हर्षल पडघान काय करतो, असं कुणी विचारलं की तो आधी जरा थांबत असे. चिखलीजवळच्या एका बियाणे कंपनीत तो बियाण्यांची उगवणक्षमता तपासतो, हे खरं उत्तर होतं. पण ते त्याला स्वतःच्या मानानं फार तोकडं वाटे. म्हणून तो म्हणे, "नोकरी बियाण्यांची आहे. पेशा शोधाचा." मग समोरच्यानं न विचारताच पुढचं सांगे: नजर घारीची, कान सशाचे, तर्क वस्तऱ्याच्या धारेचा. स्मरणशक्तीबद्दलही त्यानं एक भारी वाक्य तयार करून ठेवलं होतं, ते मात्र त्याला ऐनवेळी आठवत नसे.

बुलढाणा जिल्ह्यात मोठे गुन्हे घडत नाहीत, कारण आपण इथे राहतो, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

"घडतात रे," शेजारच्या टेबलावरची अपेक्षा म्हणायची. "तुझ्यापर्यंत कोणी आणत नाही."

अपेक्षा ही त्याची सहायक होती. हे तिला मान्य नव्हतं. ती म्हणे, की आपण दोघं एकाच पदावर, एकाच दिवशी रुजू झालो आहोत. हर्षल यावर मंद हसे, कारण सहायकांनी सुरुवातीला असंच म्हणायचं असतं.

त्याच्या नावावर एक प्रकरण होतंही. गोदामातलं सोयाबीनचं एक पोतं फाटलेलं सापडलं, तेव्हा त्यानं धाग्यांची टोकं भिंगाखाली तपासून 'हे कृत्य माणसाचंच आहे, बहुधा डावखुऱ्या' असा निष्कर्ष काढला होता. पोतं हलवल्यावर आतून उंदीर निघाला. तो डावखुरा होता की नाही, हे कळण्याआधीच पळाला, त्यामुळे निष्कर्ष पूर्ण खोटा ठरला असं हर्षल मानत नव्हता.

तर अशा या माणसाकडे एका सोमवारी बेबीताई आल्या.

बेबीताई ऑफिसात झाडलोट करत आणि चहाच्या खोलीत आलेल्या नव्या मशीनचीही देखभाल करत. मशीन येण्याआधी त्या गॅसवर आलं ठेचून चहा करत असत. मग मोठ्या ऑफिसातून कुणाला तरी वाटलं, की प्रगती व्हायला हवी, आणि एका सकाळी टेम्पोतून ते मशीन उतरलं. बटण दाबलं की आधी ते कुरकुरायचं, मग पडद्यावर 'कृपया प्रतीक्षा करा' असं दाखवायचं, मग नुसतं गरम पाणी सोडायचं आणि माणूस कप काढून घेऊ लागला, की त्याच्या बोटांवर चहा सोडायचं. वेलची चहाच्या आणि आल्याच्या चहाच्या बटणांतून तंतोतंत एकच पेय येई. अपेक्षानं दोन्हींचे नमुने घेऊन तसं सिद्धही केलं होतं. शिवाय मशीनला फक्त भरलेला कप ठाऊक होता. कमी हवा, जास्त हवा, असला संवाद त्याच्याशी शक्य नव्हता.

"हर्षलभाऊ," बेबीताई दारातूनच म्हणाल्या, "तुमी शोधता म्हणे."

हर्षलनं पाय टेबलाखालून बाहेर काढले आणि खुर्चीत टेकून बसला. "बसा. घाबरू नका. सुरुवातीपासून सांगा."

"बसाले येळ नाही. कप संपून राह्यले. मशीनवाले जेवढे बटण दाबले तेवढेच कप पाठवतात, वरून चार-दोन जास्तीचे. इथं तर जवळपास दुप्पट उडतात. मंग पुढचा खोका येईस्तोवर मशीन नुसतंच उभं. साहेब म्हणतात, कप तुमच्या ताब्यात, तवा जबाबदारी तुमची. शनिवारी मशीनवाल्यांचं माणूस येणार हाय. तवर नाही उलगडलं तर माझं काम बंद. मशीनवालेच त्यांची बाई पाठवतील."

"हं," हर्षल म्हणाला. पहिल्याच भेटीत जास्त बोलायचं नसतं.

"हं काय? करता का नाही?"

"बेबीताई, हे प्रकरण मी घेतलं."

बेबीताईंनी अपेक्षाकडे पाहिलं. अपेक्षानं खांदे उडवले. "दुसरं कोणी हाय का?" असा त्या नजरेचा अर्थ होता, आणि नव्हतं.

चौकशी त्याच दुपारी सुरू झाली. हर्षलचा नियम असा, की आधी घटनास्थळ पाहावं. चहाच्या खोलीत मशीनच्या अंगाला एक लांब पारदर्शक नळी होती, तिच्यात कप एकात एक रचलेले, आणि खालून ओढला की एक हातात येई. हर्षलनं नळी पुढून पाहिली, मागून पाहिली, तिच्यात खालून डोळा लावून वर पाहिलं. त्याच वेळी माल पाठवण्याच्या विभागातला प्रेम चहा घ्यायला आला.

"काय बे, दुर्बीण हाय का ते?"

हर्षल ताठ झाला. प्रेमच्या बुटांना लाल माती होती. प्रेम दुसरबीडचा. घरी भाजीपाल्याची शेती. घारीच्या नजरेला एवढं पुरेसं होतं.

"प्रेम, तुमच्याकडं मिरचीची रोपं करतात ना?"

"हाव. टमाट्याची बी."

"कशात करता?"

"कशात म्हणजे? ट्रेमधी."

"कागदी कपात काऊन नाही?" हर्षलनं हा प्रश्न एकदम, डोळ्यांत डोळे घालून टाकला.

"कपात पाणी टाकलं की दोन दिवसांत बूड गळते. तुले बियाण्याचं कळते म्हणून पगार देतात ना बे?" प्रेमनं बटण दाबलं, चहानं बोट भाजून घेतलं, शिवी दिली आणि भरलेला कप हातात घेतला. मग सवयीनं दुसरा कप ओढून त्यात निम्मा ओतला. "घे, अर्धा घे. डोकं थाऱ्यावर येईल."

"तपासाच्या वेळी मी संशयिताचं काही घेत नाही."

"मंग ओतून देऊ?"

"आण इकडं," हर्षल म्हणाला.

प्रेम निर्दोष ठरला. हर्षलनं वाया गेलेल्या कल्पनेची खंत बाळगली नाही. विज्ञानात चुकीचा सिद्धांत हीही प्रगतीच असते, आणि त्या अर्थानं त्याची प्रगती झपाट्यानं चालली होती.

दुसरा सिद्धांत जास्त खोल होता. हवेतल्या ओलाव्यानं कागद फुगतो, फुगलेले कप एकमेकांत घट्ट बसतात, आणि माणूस एक समजून दोन ओढतो. चोर नाहीच, आर्द्रता आहे. ही कल्पना सुचली तेव्हा त्याला स्वतःचाच थोडा आदर वाटला. ती पडताळायला त्यानं कपांची एक चळत उगवणीच्या कपाटात ठेवली. त्या कपाटात दमट, उबदार हवा असते आणि त्यात ज्वारीचे नमुने चालू होते.

सकाळी कपाट उघडलं तर कपांचा लगदा झाला होता. तो लगदा ज्वारीच्या नमुन्यावर कोसळला होता, आणि त्यातूनही काही दाणे निष्ठेनं उगवले होते.

अपेक्षानं लगद्यातून एक कोंब चिमटीत धरून वर काढला. "गेलेल्या कपांमध्ये आता हेही धर."

"अपेक्षा, प्रयोगाचा निकाल नकारात्मक आला म्हणजे—"

"प्रयोगाचा नाही, ज्वारीचा निकाल सांग. तो साहेबांना उद्या द्यायचा आहे. पुन्हा लावायचा आता सगळा." तिनं बाहेर जाऊन चहा आणला, दोन कपांत केला आणि एक त्याच्यापुढे आपटला. "घे. आणि आता कशालाच हात लावू नकोस."

हर्षलनं चहा पीत विचार केला. हिशेब विभागातल्या जयमाला मॅडमच्या टेबलाशी जाऊन त्यांना त्यानं 'तुमची मुलगी शाळेत टाकाऊतून टिकाऊ करते का' असं विचारलं. मॅडम आपल्या कपातला अर्धा त्याला देता देता म्हणाल्या, की त्यांना मुलगी नाही, दोन मुलगे आहेत आणि ते टिकाऊचं टाकाऊ करतात. हाही रस्ता बंद झाला.

आता उरलं कोण? तर्काचा वस्तरा सगळ्यांवरून फिरला आणि शेवटी जिथे थांबला, ते पाहून हर्षल खुर्ची ओढत अपेक्षाच्या टेबलाशी गेला. कपांची किल्ली कुणाकडे? बेबीताईंकडे. मशीन आल्यामुळे कुणाचा गॅस बंद झाला? बेबीताईंचा. कप संपले की मशीन निकामी. मशीन निकामी झालं की चहा पुन्हा कोण करणार? आणि रोज संध्याकाळी जाताना कुणाच्या खांद्याला भली मोठी कापडी पिशवी असते?

"पण त्याच तर आल्या ना तुझ्याकडं," अपेक्षा म्हणाली.

"तेच तर! आपणच तक्रार करायची म्हणजे संशय येत नाही. फार पोचलेले गुन्हेगार असं करतात."

"बेबीताई?"

"मला वाईट वाटतं अपेक्षा. पण सत्यापुढं—"

"तू साहेबांना काही बोलला नाहीस ना?"

हर्षल नारायणराव साहेबांना बोलला होता. म्हणजे नाव घेतलं नव्हतं. जिन्यात भेटले तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, की 'संशयाची सुई आतल्याच माणसाकडे वळते आहे, कप हाताळणाऱ्याकडे.' वाक्य इतकं चांगलं होतं, की ते मनात ठेवणं शक्यच नव्हतं. साहेब म्हणाले होते, "वाटलंच मले," आणि खाली उतरून गेले होते.

त्या संध्याकाळी हर्षल बेबीताईंच्या मागे निघाला. पाठलागाचं त्याचं तंत्र साधं होतं: तोंडाला रुमाल बांधायचा आणि पानटपरीपासून पानटपरीपर्यंत जायचं. रस्त्याला पानटपऱ्या भरपूर होत्या. जीपच्या थांब्यापाशी बेबीताई उभ्या राहिल्या, पिशवी खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाठ असतानाच म्हणाल्या, "हर्षलभाऊ, रुमाल काढा. गरम होत असन."

हर्षलनं रुमाल काढला.

"पिशवीत पाहायचं हाय ना? पाहा."

"नाही, मी सहज—"

"पाहा म्हणते ना."

त्यानं पाहिलं. मेथी होती, दोन जुड्या. एक जेवणाचा डबा. नातीसाठी घेतलेली रबरी चप्पल, एकाच पायाची दिसत होती, दुसरी मेथीखाली असावी.

"पाह्यलं?"

"पाह्यलं."

"तुमाले काम सांगाले आली होती मी," बेबीताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "दुसऱ्या कोणाले सांगितलं असतं तर कायी वाटलं नसतं. तुमी शोधाची एवढी बात करता. मले वाटलं, खरंच पाह्यतात काय तरी." जीप आली, त्या बसल्या आणि गेल्या.

उंद्री गावातल्या घरी जाताना मोटारसायकलवर हर्षलला पहिल्यांदाच आपल्या तर्काचा वस्तरा म्हणजे नेमकं काय आहे, हे दिसलं. ते बहुधा नेलकटर होतं.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांकडे गेला. "सर, काल जिन्यात जे बोललो, ती सुई परत घेतो."

"कायची सुई?"

"संशयाची."

नारायणरावांनी चष्मा काढला. "पडघान, तुमी सुई लावता, काढता, पुन्हा लावता. इथं वरून रोज फोन येऊन राह्यला की कप चोरीले जातात, माणूस ठरवा. मी काय सांगू? सुई हारपली म्हणून?"

"सर, बेबीताईंनी घेतलेले नाहीत."

"मंग कोणी घेतले?"

"शोध चालू आहे," हर्षल म्हणाला; हे वाक्य त्याला फार क्वचित वापरावं लागत असे, म्हणजे त्याच्या मते.

"शनिवारी मशीनवाली येते," साहेब म्हणाले. "तिच्यासमोर सांगा काय ते. नाही तर मले बाईंचं काम थांबवाच लागते. मलेही चांगलं वाटत नाही, पण वरच्यांले नाव पाहिजे."

शुक्रवारी हर्षल जेवला नाही, म्हणजे ऑफिसात जेवला नाही, घरी जेवला. दिवसभर तो मशीनसमोर बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहत राहिला. जो येई तो चहा घेई, त्याला पाहून हळहळे, आणि त्याला अर्धा देई. संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात एवढा चहा गेला, की विचार करताना आतून आवाज येत होता. एकही माणूस कप खिशात घालताना दिसला नाही. याचा अर्थ एकच होता. माणसं खरं बोलत होती, म्हणजे मशीन खोटं बोलत होतं. बटण दोनदा दाबलं तरी ते एकदाच मोजत असणार. गुन्हेगार मशीनच!

"हे मात्र बरोबर असू शकतं," अपेक्षा म्हणाली, आणि तिच्या तोंडून हे ऐकून हर्षलला इतका धीर आला, की त्यानं शनिवारच्या निवेदनाची घरी आरशासमोर तालीम केली.

शनिवारी मशीनवाली आली. तिचं नाव प्रतीक्षा. बुलढाण्याहून स्कुटीवर आली होती, पाठीला हत्यारांची पिशवी. नाव कळल्यावर प्रेम म्हणाला, "रोज वाट पाहा, वाट पाहा म्हणत होतं मशीन. आली एकदाची." ती हसली नाही. हा विनोद तिनं जिल्ह्यातल्या प्रत्येक ऑफिसात ऐकला होता.

तिनं मशीन उघडलं, आतल्या मोजणीयंत्राला काहीतरी जोडलं, वारंवार बटणं दाबून पाहिली आणि दार बंद केलं. "मोजणी बरोबर आहे. एक बटण, एक नोंद. कुठंही चूक नाही."

हर्षलच्या निवेदनाचा पाया तिथेच ढासळला, पण निवेदन पाठ होतं. चहाची खोली भरली होती. साहेब खुर्चीवर, जयमाला मॅडम खिडकीशी, प्रेम दाराला टेकून, बाकीचे जिथे जागा मिळेल तिथे; आणि उंबऱ्याबाहेर बेबीताई, हातात झाडू, जणू शिक्षा ऐकायला. खोलीतल्या मंडळींच्या हातात चहा होता. हर्षलनं घसा साफ केला.

"सर, मॅडम, मित्रहो. या खोलीत आठवड्याला जेवढे चहा निघतात, त्याच्या जवळजवळ दुप्पट कप संपतात. मशीन खोटं बोलत नाही, हे आता सिद्ध झालं. माणसं कप नेत नाहीत, हे मी स्वतः पाहिलं. आर्द्रता..." इथे अपेक्षानं खोकला काढला, "आर्द्रतेचं सोडा. मग कप जातात कुठे?"

बोलता बोलता त्यानं बटण दाबलं. कप भरला. पाहुणी बाई उन्हातून आलेली, आणि तिला अजून कुणी विचारलं नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं नळीतून दुसरा कप ओढला, त्यात निम्मा चहा ओतला आणि तिच्यापुढे धरला. "घ्या, अर्धा घ्या. तर प्रश्न असा, की हे जास्तीचे कप—"

प्रतीक्षानं कप घेतला नाही. ती त्याच्या हाताकडे पाहत होती.

"सर, हा कप कुठून काढला?"

"या नळीतून. तर हे जास्तीचे—"

"आणि चहा?"

"यातलाच, अर्धा. मॅडम, आपण मुद्द्यावर येऊ."

"बटण किती वेळा दाबलं?"

"एकदा."

"आणि कप किती?"

हर्षलनं डाव्या हातातल्या कपाकडे पाहिलं. मग उजव्या हातातल्या कपाकडे पाहिलं. घारीची नजर अशी दोन्हीकडे तीनचारदा फिरली. नंतर खोलीतल्या प्रत्येकानं आपापल्या हातात पाहिलं. प्रत्येक कप अर्धा होता. प्रेमचा अर्धा जयमाला मॅडमकडे होता, अपेक्षाचा अर्धा साहेबांकडे, आणि साहेबांनी तो घेताना "नको नको" म्हटलं होतं.

"तुम्ही लोक कधी कुणी एक अख्खा कप एकट्यानं पिता का?" प्रतीक्षानं विचारलं.

प्रश्न विचित्र होता. समोर माणूस उभा असताना एकट्यानं चहा प्यायचा?

"शोभते का ते?" शेवटी साहेबच म्हणाले.

"ज्या ऑफिसांसाठी हे बनलंय, तिथे एक माणूस, एक बटण, एक कप. हिशेब जुळतो. इथे जुळणार नाही." तिनं पिशवी उचलली. "मी कळवते. कप दुप्पट येतील."

"म्हणजे चोर—" हर्षल म्हणाला.

"तू," अपेक्षा म्हणाली. "आठवडाभर कोणाचाच अर्धा सोडला नाहीस."

खोलीत हशा पिकला. हर्षलही हसणार होता, पण त्याची नजर उंबऱ्याकडे गेली आणि हसू तिथेच अडकलं. सगळ्यांच्या हातात कप होते. बेबीताईंच्या हातात झाडू होता. मशीन आल्या दिवसापासून या खोलीत अर्धा चहा सगळीकडे फिरला होता: टेबलावरून टेबलावर, विभागातून विभागात, पाहुण्याला, ड्रायव्हरला, मशीनवालीला. तो उंबरा ओलांडून त्यांच्यापर्यंत एकदाही गेला नव्हता. त्यानं आठवून पाहिलं, एकदाही नाही. ऑफिसभरात एकही कप न वापरणारं माणूस एकच होतं, आणि त्यानं संशय घेतला होता तो नेमका त्यांच्यावर.

"बरं झालं," नारायणराव उठत म्हणाले. "बेबीताई, तुमी राहा."

"राहा म्हणजे? मी गेली कुठं होती?" बेबीताई म्हणाल्या.

साहेब उठता उठता थांबले. ते पुन्हा बसले.

हर्षल मशीनकडे गेला. वेलची चहाचं बटण दाबलं, बोट भाजून घेतलं, आणि काठोकाठ भरलेला अख्खा कप दोन्ही हातांनी धरून उंबऱ्याबाहेर आला. "बेबीताई, चुकलो मी. हा तुमचा. पूर्ण."

"आता आठवलं?"

"आता."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, पदराला हात पुसला आणि कप घेतला. सगळे पाहत होते. त्यांनी वास घेतला. एक घोट घेतला. तो तोंडात बराच वेळ राहिला, जणू कुठे जायचं हे त्यालाही कळत नव्हतं. मग त्यांनी तो गिळला.

"हे तुमी रोज पेता?"

"हो."

"सगळे?"

"हो."

"अन् चोर मले म्हणता!"

या वेळी साहेब सगळ्यांत आधी हसले. बेबीताईंनी मात्र कप हर्षलच्या हातात परत दिला आणि झाडू उचलला.

"सोमवारी येते मी," त्या म्हणाल्या. "तवर हे काय हाय, ते शोधून ठेवा."